मोटार-अपघातातली अटक

कोर्टाचे कागद सगळ्यांना खुले असतात म्हणता? ऐका मग. इंग्रजांच्या काळात वाशिमला एका देशमुखांनी दारू पिऊन मोटार हाकली आणि सखाराम माळ्याची बाजाराला निघालेली भाजीची गाडी उलटवली. बैल बुजून पळाले. भरपाईसाठी खटल्याची नक्कल हवी, म्हणून मी सखारामला कोर्टात नेलं. कारकून म्हणाला, "असा खटलाच नाही. ठाण्यात विचारा."

ठाण्यात मी हवालदारावर डाफरलो, "त्या अपघातात कोणाला अटक केली की नाही?"

"केली ना भाऊ! कोंडवाड्यात हायेत."

"कोण?"

"दोन बैल. भररस्त्यात मोकाट फिरून राह्यले व्हते."

सखारामनं हात जोडले. "साहेब, त्याईच्या तोंडाचा वास तरी घेतला का?"