तिसऱ्या बाकावरचा पंखा

—धरलीय, धरलीय, दोन्ही हातांनी धरलीय, तुम्ही बिनधास्त चढा अच्युतभाऊ. ही शिडी अन् मी, दोघंही जुने आहोत, पण हलत नाही — हां, तिचा एक पाय थोडा आखूड आहे, त्याच्याखाली मी माझी चप्पल सरकवली — बाकी एकदम फर्स्टक्लास. बोलू नका तुम्ही, तोंडात टेस्टर धरला आहे ना, सुटला तर सरळ माझ्या टकलावर येईल. तुम्ही फक्त मान हलवा. बोलायचं काम माझ्याकडे. इथं सदर बाजारात कोणालाही विचारा, बोलायचं काम कोणाचं? माझंच. सूर्यकांत उजगरे म्हटलं तर कोणी ओळखणार नाही, फॅक्टरीत चौतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली तरी नाही, पण ‘प्रार्थनावाले बापू’ म्हणा — ऑटोवाला चर्चच्या फाटकात आणून सोडतो.

हो हो, हाच, तिसऱ्या बाकावरचा. बाकीचे सहा पंखे गुमान फिरून राहिले, हाच एक खरखर करतो. आता गेल्या शुक्रवारी तुम्ही येऊन ग्रीस-बिस टाकून गेले, मी स्वतः उभा होतो इथं, कसा लोण्यासारखा फिरत होता — अन् रविवारी उपासनेत मौन सुरू झालं न झालं की पुन्हा खर्र खर्र खर्र. अजीब आहे. मशीनचं काही सांगता येत नाही भाऊ. पास्टरसाहेब तर तुमच्यावरच नाराज झाले, दुसरा मिस्त्री पाहू म्हणाले — मीच म्हटलं, नाही पास्टरजी, माणूस नागपूरचा आहे, आपला मराठीच आहे, हात साफ आहे त्याचा, पंख्यातच खोट असेल. तुमची बाजू घेतली मी. मान हलवा म्हटलं तर इतकी नका हलवू, शिडी हलते.

मौन म्हणजे — तुम्ही आमच्या मंडळीतले नाही, तुम्हाला कसं माहीत असणार — आमचे नवे पास्टर आहेत ना, अनुपमजी, तरुण आहेत, चांगले आहेत, माझी काही तक्रार नाही, उन्हाळ्यात आले अन् आल्या आल्या म्हणाले, आता दर रविवारी पाच मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. डोळे मिटायचे, ज्याने त्याने एकट्याने देवाजवळ जायचं. पाच मिनिटं! अन् ही पाच मिनिटं कुठून काढली सांगू? माझ्या प्रार्थनेतून काढली. पहिले काय होतं, जुने पास्टर म्हणायचे, ‘आता बापू आपल्याला प्रार्थनेत चालवतील’ — की मी उठलोच. पाच नाही, अठरा मिनिटं. एकदा बावीस. हिंदीत म्हणा, मराठीत म्हणा — महिन्याच्या पहिल्या रविवारी आपली मराठी उपासना असते — ‘हे परमदयाळू, सर्वसमर्थ, स्वर्गीय पित्या’, इथून जी गाडी सुटायची! बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. आमच्या मंडळीतल्या मेघाच्या आईच्या मातीला मी प्रार्थना केली तर मेघा राहिली बाजूला, कबर खोदणारा रडला. अन् मातीच काय, नवी स्कूटर घेतली, बापूंना बोलवा. बदली झाली, बोलवा. बेबीताईंनी फ्रिज घेतला तेव्हा फ्रिजवर हात ठेवून केली — ‘हे प्रभू, इस्राएल लोक रानात उपाशी होते तेव्हा तू आकाशातून मान्ना पाडला, जसा तो मान्ना तू ताजा ठेवला तसंच या फ्रिजमधलं अन्नही —’ सगळे आमेन आमेन म्हणाले, बेबीताईंनी दोन वाट्या श्रीखंड दिलं. घरी येताना बायको म्हणाली, अहो, मान्ना दुसऱ्या दिवशी ठेवला तर त्याच्यात किडे पडायचे, बायबलात साफ लिहिलं आहे. — फ्रिज मात्र अजून चांगला चालून राहिला. मंडळीतल्या यशच्या लग्नाचं मी सांगत नाही, तिथं पुलाव थंड झाला तो माझ्यामुळे नाही, आचाऱ्यानं झाकण उघडं ठेवलं होतं.

पाना देऊ का? नको? बरं. — तर ही प्रतिमा. बायको माझी. तिचं अन् देवाचं वेगळंच आहे. आता नवऱ्यानं सांगू नये, पण ती स्वयंपाकघरात दिवसभर त्याच्याशी बोलून राहते. डोळे मिटणं नाही, हात जोडणं नाही. ‘काय रे देवा, काय करून राहिला तू? इकडे माझा गॅस संपला ना, भात अर्धा कच्चा राहिला.’ अशी! देवाला ‘काय रे’! मी एकदा म्हटलं, अगं, जरा रीत-भात, तो सर्वसमर्थ आहे. तर म्हणते कशी, ‘अहो, त्याला गॅसचंसुद्धा चालतं.’ घ्या. चाळीस वर्षं झाली लग्नाला, भाऊ, मी त्या घरात तिसरा माणूस आहे. अन् ते मौन सुरू झालं ना, त्या पहिल्याच रविवारी मी डोळे उघडले — थोडेसे, कोण काय करून राहिलं ते पाहायला, इन्स्पेक्शनची सवय — तर प्रतिमा माझ्या बाजूला बसून हसून राहिली होती. डोळे मिटलेले, ओठ हलून राहिले, अन् हसून राहिली. तिकडून काहीतरी उत्तर आलं असेल! चाळीस वर्षांत माझ्या एकाही बोलण्यावर ती अशी हसली नाही. मग त्या दिवशी मी —

काय? काय सापडलं?

खाली टाका. काही नसतं त्याच्यात, कबुतरं आणतात कचरा. मोटरीजवळच्या वाटीत होतं? खोचलेलं? — म्हणूनच पातं फिरलं की घासून राहिलं असेल, वा, पकडलं तुम्ही, शाबास. पुठ्ठाच ना? टाका इकडे, मी फेकतो. नका वाचू, डोळ्यांत धूळ जाईल. — काय लिहिलं आहे म्हणता?

‘प्रार्थना : श्री. सूर्यकांत उजगरे.’

हं. — ती कार्यक्रमपत्रिका आहे. गेल्या नाताळची. त्याच्यात शेवटच्या वेळी नाव छापलं होतं माझं.

आता असं पाहू नका वरून. खालीही उतरू नका, शिडी मी धरली आहे, मी सोडल्याशिवाय तुम्ही कुठं जाता? ऐकून घ्या. चर्चची किल्ली माझ्याजवळ असते, शनिवारी झाडलोट पाहायला येतो, तुम्ही खरी खरखर थांबवून गेले, म्हणून दुसऱ्याच दिवशी चढलो अन् खोचला. लहानपणी सायकलीच्या चाकात पत्त्याचं पान नव्हते का खोचत, फट् फट् वाजायला? तेच. कोणाला लागणार नाही, काही पडणार नाही, याचा मी पूर्ण विचार केला होता. फक्त आवाज. तुमच्या नावाला बट्टा लागला — त्याची माफी मागतो, अडुसष्ट वर्षांचा माणूस शिडी धरून माफी मागून राहिला, घ्या — पण पास्टरजींना नका सांगू. काहून म्हणजे? काहून खोचला? माझ्या प्रार्थनेवर मौन बसवलं म्हणून? नाही हो. तसं असतं तर बरं होतं.

मला भीती वाटते. सांगतो. कोणाला सांगितलं नाही. मला एकट्याला प्रार्थना येत नाही अच्युतभाऊ. येतच नाही. समोर चार माणसं बसवा — दोन बसवा — एक बसवा, मी तुम्हाला दगडाला पाझर फोडून दाखवतो. पण खोलीत एकटा बसलो, डोळे मिटले, ‘हे परमदयाळू स्वर्गीय पित्या’ म्हटलं — की पुढं काही नाही. कोरं. मग पेन्शनचा हयातीचा दाखला आठवतो, नळ आठवतो. एकदा श्यामसुंदरला बसवलं समोर, शेजारी आमचा, म्हटलं तू फक्त बस, मला प्रार्थना करायची आहे. बसला बिचारा. मग म्हणतो, ‘भैया, हम तो ग्वारीघाट पे सुबह डुबकी मारते हैं, बोलते कुछ नहीं, मैया को सब पता है।’ नदीत डुबकी मारतो अन् ओला चेहरा घेऊन घरी येतो, कसा निवांत दिसतो! मला जळायला होतं. ही गॅसचं सांगते, तो डुबकी मारतो, अन् मी — अठरा अठरा मिनिटं! — मेघाची आई मातीत चालली होती, लोक हुंदके देऊन राहिले होते, अन् मी आतल्या आत पाहून राहिलो होतो, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो की नाही.

तीन वर्षांमागं प्रतिमाचं ऑपरेशन झालं. पोटाचं. तिला आत नेलं अन् मी बाहेर बाकावर. एकटा. म्हटलं, आता तरी. आता नाही तर कधी? हात जोडले. काही नाही हो. एक शब्द नाही. मग मी काय केलं असेल? उठलो, बाजूच्या वॉर्डात गेलो, पहिल्याच खाटेवर एक माणूस होता, पाय टांगलेला, इथंच गोरखपूर बाजारात सोफ्याचं दुकान आहे त्याचं — म्हटलं, भाईसाहब, आपके लिए प्रार्थना करूँ? तो म्हणाला, कर लीजिए, फ्री है ना? केली. त्याच्या पायासाठी चाळीस मिनिटं केली. त्याच्या गुडघ्याचं हाड, टाचेचं हाड, सगळी हाडं घेतली एक-एक करून, अन् मधे — हळूच — कोणाला कळू नये असं — प्रतिमाचं नाव घातलं. त्याच्या पायाच्या आडून. माझ्या बायकोसाठी मी देवाजवळ दुसऱ्याच्या पायाच्या आडून गेलो, भाऊ. प्रतिमा बरी झाली. तो माणूस तर महिन्यात चालायला लागला, दिवाळीला मिठाई पाठवतो. मी ती खात नाही. — म्हणजे एखादी खातो.

आता पंख्याचं समजलं? पाच मिनिटं सगळं गप्प झालं की मला ऐकू येतं की माझ्या आत काही नाही. खरखर असली की बरं असतं, म्हणता येतं, पंख्यामुळे मन लागलं नाही. तुम्हाला वाटेल मला शंका आहे, वर कोणी आहे की नाही. छे. त्याची भीती नाही. तो आहे. भीती ही आहे की तो आहे, अन् इतकी वर्षं माझं भाषण संपायची वाट पाहून राहिला आहे. अन् मला त्याच्याजवळ जायचं आहे हो. खरंच जायचं आहे. प्रतिमासारखं. एकदा तरी त्यानं मला हसवावं.

म्हणून म्हणतो — एक काम करा. पुठ्ठा फेकून द्या, ठीक आहे, पण थोडी, अगदी चिमूटभर, खरखर राहू द्या. नट अर्धा आटा ढिला ठेवा. नाही? इमानाचं काम? मीही इन्स्पेक्शनमध्ये होतो म्हणा, मीही नसतं पास केलं. — टेस्टर काढला वाटतं तोंडातून. काय म्हणाले? ‘एकट्याला बोलता येत नाही तर मग अर्धा तास माझ्याशी कसे बोलून राहिले?’ अहो, तुमचं वेगळं आहे, तुमच्याशी काय, तुम्ही तिथं वर आहात, चेहरा धड दिसत नाही, बिघडलं ते दुरुस्त करून राहिले, उत्तर काही देत नाही, अन् मी आपला खाली उभा राहून, मान वर करून, मनातलं सगळं —

…

नाही. काही नाही. मान दुखली. उतरा, उतरा तुम्ही, सांभाळून, ती शेवटची पायरी ढिली आहे. बटन मी दाबतो.

बाप रे. काहीच आवाज नाही. फिरून राहिला ना? हो, वारा येतो. किती शांत केला हो तुम्ही, बाहेरचा शेंगदाणेवाला ऐकू येऊन राहिला.

बसता का दोन मिनिटं? इथं, तिसऱ्या बाकावर, पंख्याखाली. तुमच्यासाठी प्रार्थना करतो, तुमच्या दुकानासाठी, लेकरांसाठी, काही करायचं नाही तुम्हाला, फक्त समोर बसायचं, पाहा कशी होते, रडवीन मी तुम्हाला — हां, असे बसा — ‘हे परमदयाळू, सर्वसमर्थ —’

नको. उठा तुम्ही. हो, उठा, जा. राग नाही, चहा प्यायला घरी या कधी, प्रतिमा ओळखते तुम्हाला. जा आता. शिडी राहू द्या इथंच. ती चप्पल द्या माझी — राहू द्या तीही. दार ओढून घ्या. हळू…

…

…

…प्रतिमा म्हणते, तुला गॅसचंसुद्धा चालतं. तर… कालच आला आमचा.