माप बरोबर होतं

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या संस्थेच्या संचालक माननीय बाई, व्यासपीठावरचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या मावशी, पहिल्या रांगेत बसलेले मावशींचे यजमान, लेक आणि जावई, आणि माझ्या सगळ्या बंधुभगिनींनो,

खरेदी विभागाचा प्रमुख म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त घेईन, अध्यक्षबाई सांभाळून घेतील.

मावशींनी अठ्ठावीस वर्षं गालिचे धुतले. पाहुण्यांसाठी सांगतो, आपलं मशीन गरम पाण्यात औषध मिसळून ते गालिच्यात जोरानं सोडतं आणि मळासकट लगेच ओढून घेतं. औषध म्हणजे सफाईचं द्रावण, पण आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात. आता कुठलं औषध घ्यायचं, हा काय मोठा प्रश्न आहे? मलाही तसंच वाटायचं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी हौसेनं भरपूर फेसाचं औषध आणलं. फेस टाकीतून वर चढला, मोटरीत शिरला आणि मशीन म्हाताऱ्यासारखं खोकायला लागलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आपल्याला गालिचा धुवायचाय, त्याची दाढी नाही करायची."

तुम्ही हसताय. तेव्हा मीही हसलो होतो.

त्यानंतर नवीन औषध आलं की मावशी ते आधी एका कोपऱ्यात वापरून बघायच्या. वर पांढरा कपडा दाबायच्या, रंग उतरतो का ते पाहायच्या. वाळल्यावर तिथं उघडा तळवा टेकवून बसायच्या. लोकरीला जहाल औषध लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "औषध मळ किती काढतं ते नंतर बघा. ते स्वतः किती निघतं ते आधी बघा." एवढं साधं शहाणपण मी माझ्या माहितीपत्रकांत कधी वाचलं नाही.

इथवर गोड बोललो. पुढचं गोड नाही. जरा पाणी पितो.

सहा वर्षांपूर्वी मी एक नवीन औषध निवडलं. डाग झटक्यात जायचा, विक्रेत्यानं माझ्या टेबलावर करून दाखवलं होतं. मावशींनी नेहमीप्रमाणे ते तपासलं आणि मला चिठ्ठी लिहून दिली. ती आज माझ्याजवळ आहे. वाचतो. "हात चरचरतो. साध्या गरम पाण्यानं चारदा ओढलं तरी चिकटपणा राहतो. लहान मुलांच्या जागी नको."

मी काय केलं? चिठ्ठी खणात टाकली आणि म्हणालो, "मावशी, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते."

पुढच्या आठवड्यात एका पाळणाघराचं काम होतं. मावशींनी जुनं औषध मागितलं. ते संपलं होतं, मागवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. नवीनच दिलं. दोन दिवसांनी तिथल्या मुलांच्या गुडघ्यांवर, तळव्यांवर लाल चट्टे उठले. एक नऊ महिन्यांची मुलगी गालिच्यावर रांगायची आणि हात तोंडात घालायची. तिचं तोंड आतून सोललं. दूध घेईना. चार दिवस दवाखान्यात होती.

चौकशी झाली. मावशींना विचारलं, माप किती टाकलं? त्या म्हणाल्या, "डब्यावर लिहिलंय तेवढंच." मला विचारलं, औषधाबद्दल आधी काही तक्रार होती का? मी म्हणालो, "माझ्यापर्यंत आली नाही." तीन शब्द, मंडळी. त्या तीन शब्दांवरून ठरलं की मावशींनीच माप जास्त टाकलं असणार. त्यांच्या नोंदीत तसं लिहिलं गेलं. मशीन काढून घेतलं आणि वर्षभर त्यांना कोठारात फडक्यांच्या घड्या घालायला बसवलं.

मुलीची आई फाटकाशी आली होती. सगळ्यांसमोर मावशींना म्हणाली, "तुम्हाला स्वतःचं लेकरू नाही का हो?" मावशींची लेक तेव्हा बाळंतपणाला घरी आलेली होती. मावशी खाली मान घालून उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे, हातभर अंतरावर होतो. मागे वळून त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, माप बरोबर होतं." मी म्हणालो, "बघू."

मशीन काढून घेण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. आपल्या सुट्टीच्या दिवशी पाळणाघरात जाऊन नुसत्या गरम पाण्यानं तो गालिचा सात वेळा ओढून काढला. शेवटचं पाणी स्वतःच्या हातावर घेऊन पाहिलं आणि मगच खोली उघडू दिली. हे मला पाळणाघराच्या बाईंनी सांगितलं. मावशी कधी बोलल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्या आईला भेटलो. मुलगी आता शाळेत जाते, ठणठणीत आहे. सगळं ऐकून आईनं विचारलं, "मग सहा वर्षं गप्प का होतात?" भीती होती म्हणावं, तर पहिल्या वर्षानंतर भीतीही उरली नव्हती. सवय झाली होती.

काल मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, "कार्यक्रमात नको हो साहेब. पोरीचं सासर येणार आहे, उगाच विरस." मावशी, मी तुमचं ऐकलं नाही. कारण तुमच्यावरचा ठपका चारचौघांत लागला होता, तो बंद खोलीत कसा पुसायचा?

अध्यक्षबाई, ही चिठ्ठी आणि माझा लेखी जबाब मी तुमच्यासमोर ठेवतो. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मावशींच्या नोंदीतली ती ओळ मात्र त्या या दारातून बाहेर पडायच्या आत खोडली जावी, एवढी विनंती.

मावशी, तुमच्या पुढच्या आयुष्याला शुभेच्छा देण्याचा अधिकार मला आहे का, ठाऊक नाही. तरी देतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात शब्द इकडचा तिकडे झाला असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.