शिंगराच्या तोंडाचं मुसकं

माहा जनम राजुऱ्याचा. आता राजुरा म्हनलं का लोकाइले कोयशाच्या खानी आठवते, पन आमच्या घरी खानीवर कोनी नव्हतं, आमच्या घरी घोडा होता. माहा बाप टांगा चालवे, बल्लारशाच्या टेसनावरून सवाऱ्या आने, नदी वलांडून राजुऱ्यात सोडे, अन् काय सांगू तुम्हाले, मानूस इतका तापट का मायशी भांडन झालं का ताट सरकवून उठून जाये, पन घोड्यावर त्यानं कधी हात उगारला नाई. आधी घोड्याले चना, मंग आम्हाले भात. मी लहानपनी म्हनो, बाबा, आम्ही तुमचे लेकरं हाव का तो घोडा तुमचा लेकरू हाय. तं म्हने, तू उद्या मोठा होऊन मले उलटून बोलशीन, तो बोलत नाई. बापाचा तापटपना तेवढा मले भेटला, बाकी काई भेटलं नाई.

मंग ऑटो आले. ऑटो आले तं टांग्यात कोन बसते. बापानं घोडा इकला अन् त्याच्यानंतर लय दिवस बाप रिकाम्या तबेल्यातच जाऊन बसे, माय म्हने घरात या, तं म्हने इथी बरं वाटते. मी गाडी शिकलो. घुग्घुसले ट्रकवर राह्यलो, कोयसा वाहे, धूळ अशी का नाकाले रुमाल बांधला तरी थुंकलो तं कोयसाच निंगे. लगन झालं, बायको म्हने हे काम सोडा नाईतं मी माहेरी जातो. आता बायको गेल्यावर भाजी कोन करीन, म्हनून सोडलं. हसू नोका, खरंच सांगून राह्यलो. तवा हे फिरत्या दवाखान्याची गाडी भेटली.

जनावराइचा दवाखाना हाय हा. गाडीतच औषध, गाडीतच सलाईन. कोनाची गाय अडली, बैल बसला, का ते फोन करते अन् आम्ही जातो, इकडं गोंडपिपरीकडं, कधी वैनगंगा वलांडून गडचिरोलीच्या जंगलात बी. मी डायवर. डायवर म्हनतो, पन गाय धरा लागते, बकरीचे पाय धरा लागते, सलाईनची बाटली हातात घेऊन खांबावानी उभं राहा लागते. अन् डॉक्टरीन मॅडम. त्या सांगली साईडच्या, वयानं माह्या मोठ्या पोरीएवढ्याच. आल्या तवा लोक म्हनत, हे पोट्टी काय बैल धरन. मी बी म्हनलं, खोटं काऊन बोलू. पन मॅडमचा आवाज मी आजवर चढलेला आयकला नाई. मी बोंबलतो, त्या बोलते, अन् लोक त्याइचंच आयकते. मले याचा राग येते कधी कधी.

घोडे आमच्याकडं कमीच. वीटभट्टीवरले टट्टू, नाईतं लगनाच्या घोड्या. घोड्याचा फोन आला का माहा पाय एक्सलेटरवर आपोआप दाबल्या जाते, मॅडम म्हनतात वासुदेवभाऊ, घोड्यापर्यंत पोचायचंय आपल्याला, आपलंच काही करून घ्यायचं नाही. तं अशाच एका फोनवर मी कौसाबाईले पह्यल्यांदा पाह्यलं.

कौसाबाई गोंडपिपरीच्या बाजूच्या एका गावची. ढीवराची बाई, म्हनजे तलावात जाळं टाकनाऱ्या घरची. तिच्या नवऱ्याच्या डोस्क्यात काय भरलं कोन जाने, मासोळ्या सोडून घोडी घेऊन आला, पांढरी, नाव ठेवलं चांदी. सारे सोयरे हसले, म्हने ढीवराच्या दारात घोडी, आता तलावात घोडीवर बसून जाळं टाकते वाटते. पन लगनाच्या सिझनमंदी चांदीले दम घ्याले फुरसत भेटत नसे. मंग नवरा वारला. लोकाइले वाटलं आता घोडी इकते. नाई इकली. कौसाबाईनं नववारीचा काष्टा आवयला, लगाम हातात धरला, अन् वरातीत डीजेच्या मोरं सोता चालाले लागली. पह्यले लोक टकमक पाहत, बाईमानूस घोडी धरते म्हनून. आता तिच्याबिगर वरात निंगत नाई त्या पट्ट्यात.

आता हे आयका, काऊन का सारं याच्यावरच हाय. चांदी म्हातारी झाली. पाय थरथरे. घोडी गेली तं कौसाबाईले पुन्हा तेलंगनात मिरची तोडाले जा लागे. तुम्ही मिरची तोडली नाई कधी, तुम्हाले नाई समजाचं. गावच्या बाया गाडीत भरून जाते, तिकडंच झोपड्यात राहते, हाताची आग अशी होते का जेवताना घास तोंडात घालवत नाई. जवानीत तिनं ते केलं होतं. नंतर मले म्हने, भाऊ, आता या हाताइनं नाई होत, मरन आलं तरी मिरचीत नाई जात. म्हनून तिनं चांदीले घोडा दाखवला. पिलू झालं, घोडी झाली, तं पुढचं निंगून जाईन, असा तिचा हिसाब. चांदी गाभन राह्यली, अन् त्या साली तिनं एक बी लगन घेतलं नाई, चुलत सासऱ्याच्या पोराचं बी नाई.

तं मी म्हनलो तो फोन आला सकायचा. कौसाबाई म्हने, राती घोडी येली, पिलू झालं, घोडीच झाली, मस्त झाली, पन जार पडून नाई राह्यली. आता जार म्हनजे तुम्हाले माहीत असन, पिलाच्या मांगून जे पडते ते. गायीची थोडी उशिरा पडली तं चालून जाते, पन घोडीच्या पोटात राह्यली तं ताप भरते, खुराइत उतरते, घोडी उभी राहत नाई. मॅडमनं फोनवर इचारलं, पिल्लू प्यायलं का. तिकडून काई नीट आयकूच नाई आलं. आम्ही निंघालो.

जाऊन पाहतो तं काय. चांदी गोठ्यात उभी, मांगं जार लोंबते. अन् बाजूले शिंगरू, धानाच्या तनसीवर पडलेलं, पांढरंशुभ्र, अन् त्याच्या तोंडाले मुसकं. बैल डवऱ्याले जुपला का त्यानं पीक खाऊ नये म्हनून बांधते ना, तेच दोरीचं मुसकं, लहान करून बांधलेलं. जनमल्यापासून त्याच्या पोटात थेंब नाई. मान उचलाची ताकत नाई राह्यली त्याच्यात.

माहं डोस्कंच सटकलं. म्हनलं, बाई, भैताड झाली का तू, लेकराचं तोंड काऊन बांधलं, मारतं का त्याले. कौसाबाई बी काई कमी नाई, म्हने ओ डायवरभाऊ, माह्या दारात माह्यावर आवाज चढवू नोका, आमच्यात असंच करते. गाय येवो का म्हस येवो, जार पडल्याबिगर पिलाले तोंड लावू देत नाई, पेलं का जार वर चढते अन् माय मरते. माही सासू असंच करे, तिची सासू असंच करे. मी घोडी वाचवून राह्यली, तुम्हाले काय समजते.

मॅडमनं मले सांगलं, वासुदेवभाऊ, गाडीतून कोमट पाण्याचा थर्मास आणा. थर्मासची काईच गरज नव्हती, हे मले बी समजलं. मी गेलो, आनला, उभा राह्यलो. मॅडमनं चांदीले सुई देली, मंग तिथंच कौसाबाईच्या बाजूले तनसीवर बसली. म्हने, बाई, तुम्ही घोडीसाठीच बांधलं हे मला कळतंय. पण पिल्लू आचळाला लागलं ना, की आतली पिशवी आवळते, आणि मग जार सुटते. ते पिणं थांबलं म्हणून ही अडकलीय. आणि पहिला चीक पिल्लाला आजच लागतो, उद्या देऊन त्याचा तेवढा उपयोग नाही.

मले वाटलं आता कौसाबाई भांडते. पन ती चांदीकडं पाहून हळू म्हने, बाईमान्साचं बी असंच असते काय?

मॅडम म्हने, हो बाई. सगळ्यांचं असंच.

मंग कौसाबाई सांगाले लागली, अन् ते ती आम्हाले सांगून राह्यली का घोडीले, ते समजत नव्हतं. म्हने, माही पह्यली पोरगी होती. कोनाले सांगत नाई मी. तवा सासू अन् सुईन म्हनत, पह्यलं दूध जड असते, लेकराले बाधते, तिसऱ्या दिवशी पाज. तवरीक कापसाची वात गुळाच्या पान्यात बुडवून चाटवत. माहा ऊर दगड झाला होता, लुगडं भिजून जाये, पोरगी बाजूले रडे, अन् मी दूध पिळून पिळून भिंतीवर टाको. मले वाटे घ्यावं तिले, पन सासूच्या मोरं बोलाची टाप नव्हती. रडू रडू तिचा आवाज बसला. तिसरा दिवस तिनं पाह्यलाच नाई.

मंग तिनं मॅडमले सरळ इचारलं. म्हने, डॉक्टरीनबाई, मी तिले पाजलं असतं तं ते जगली असती का?

काय सांगू तुम्हाले, मी मनात म्हनत होतो, मॅडम, नाई म्हना, देवाचं होतं, देवानं नेलं म्हना. मॅडमनं तसं म्हनलं नाई. म्हने, मला नाही सांगता येत, बाई. कदाचित जगली असती. पण ही आत्ता पाजली तर जगू शकते.

कौसाबाई उठली. शिंगराजवय बसली, मुसक्याची गाठ सोडाले गेली तं दोरी वली होऊन आवयली होती, नखानं सुटेना. तिनं दातानं तोडली. मंग लोटा धुतला अन् चांदीच्या खाली बसली. चांदी कोनाले हात लावू देत नाई, मले तं लाथ दाखवे, पन तिले लावू देलं. घोडीले दोनच सड असते, त्यातून पिवया पिवया चीक निंगाला. मॅडमनं तो बाटलीत भरला, चोखाचं रबरी बूच लावलं, मी शिंगराची मान मांडीवर घेतली. पह्यले तं ते गिळेच ना, ओठावरून सारं गळून जाये, मी म्हनलं गेलं हे. कौसाबाई त्याच्या गळ्यावरून बोट फिरवून राह्यली होती, वरतून खाली, वरतून खाली, अन् म्हने, पे माय, पे. मंग एक घोट उतरला. मंग त्यानं सोताच बूच वढलं.

दुपार कलली तवा ते उभं राह्यलं, पडलं, पुन्हा उभं राह्यलं, अन् मायच्या पोटाखाली तोंड खुपसलं. ते प्याले लागलं अन् थोड्या वेयानं चांदीची जार पडली. मॅडमनं पोत्यावर पसरवून पाह्यली, आत काई राह्यलं तं नाई म्हनून. पुरी होती. मी रडलो. बाप्यामानूस असून रडलो, मले काई लाज नाई.

पन गाडीत बसल्यावर मी मॅडमवर लय चिडलो. म्हनलं, त्या म्हाताऱ्या बाईले आता रातभर झोप येईन काय, एक शब्द खोटा बोलल्या असत्या तं तुमचं काय बिघडलं असतं. मॅडम म्हने, त्यांना माहीतच होतं, भाऊ, त्यांनी फक्त मला विचारलं. आजबी मले ते पुरं पटलं नाई.

आता ते शिंगरू चांगलं घोडी होऊन राह्यलं. अजून कोनी नवरदेव बसवला नाई तिच्यावर, पन कौसाबाई तिले चांदीच्या मांगं वरातीत चालवते, डीजेच्या आवाजाची सवय व्हाले. अन् गावात कोनाची बी गाय येली, बकरी येली का ते बाई दारात हजर. मुसकं सोडा पह्यले, मंग बाकीचं बोला. म्हाताऱ्या बाया तिच्याशी भांडते, ते त्याइच्याशी भांडते. नर्सबाईचं जे आयकत नव्हत्या त्या, ते तिचं आयकाले लागल्या. बाळंतिनीच्या घरी बी जाते, बोलावलं नाई तरी जाते.

मांगच्या महिन्यात माही पोरगी चंद्रपूरले बाळंत झाली, पोरगी झाली. घरी आनल्यावर कौसाबाई एसटीनं आली, मी सांगलं बी नव्हतं, मॅडमनं सांगलं असन. तिनं हात धुतले, लेकराच्या डोक्यावर हात ठेवला, अन् माह्या पोरीले इचारलं, झाली तशीच घेतली ना छातीशी? पोरगी म्हने, हव. पेली? पोरगी म्हने, हव बाई, तवाच पेली. मंग कौसाबाई भिंतीले टेकून खालीच बसली, पदर डोयाले लावला, अन् त्या लेकराले म्हने, मंग जग माय. लय जग.