नयनाचा पहिला हमूर

शुक्रवारी सकाळी इथे कुवेतमध्ये महबूल्याच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसायचं वेड माझ्या बायकोला लागलंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नयना मूळची गुहागरची, पण इथे तिच्या गळाला शेवाळाशिवाय कधी काही लागलं नव्हतं. परवा मात्र हमूर लागला, म्हणजे आपला हेकरू. जेमतेम वीतभर मासा, तरी बाई वाळूत नाचायला लागल्या.

तेवढ्यात कोस्ट गार्डचा माणूस आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, “मॅडम, ये बच्चा है. कानून में मना. वापस समंदर.”

नयनाचा चेहरा उतरला. “छोडती हूँ भाई, पण एक फोटो तो काढने दो.”

मी मोबाईल काढला, तर तो त्यानेच घेतला. “ऐसे नहीं,” म्हणत त्याने नयनाला हात लांब करून मासा थेट कॅमेऱ्याजवळ धरायला लावला, स्वतः वाळूत गुडघे टेकले आणि फोटो काढला. नयनाने लगेच मासा पाण्यात सोडला.

मग आम्ही तिघं मोबाईलवर वाकलो. फोटोत हमूर नयनाच्या डोक्यापेक्षा मोठा दिसत होता. तो गृहस्थ बराच वेळ बघत राहिला आणि हळहळत म्हणाला, “मॅडम, ये वाला तो रख सकते थे.”