फोटोमागची मुलगी

जळगाव स्टँडवर चोपड्याची शिक्षिका कुंदा गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर समाजाच्या नव्या वधूवर वेबसाइटची गोष्ट निघाली, तसे तिचे कान टवकारले, कारण वडिलांनी तिचाही फोटो तिथं टाकला होता. तिनं हळूच पाहिलं. एकाजवळ पांढरी काठी होती, दुसरा वेबसाइट बनवणारा भटू.

“भटू, माझा कॉम्प्युटर बोलून दाखवतो. स्थळं पाहायला बसलो, तर नुसतं ‘पिक्चर, पिक्चर’!”

“पितांबरभाऊ, तुमच्यासाठी फोटो मोठे केले ना!”

“आंधळ्यासाठी?”

“चुकलंच. म्हणून काल फोटोमागे वर्णन लिहिलं. डोळसांना ते दिसत नाही, फक्त तुमचा कॉम्प्युटर वाचतो.”

“वाचलं ना! जिथं तिथं ‘फेअर, होमली’. बठ्ठ्या गोऱ्याच शेतस का रे? एकही सावळी नाही?”

“बापांनी सांगितलं तेच लिहिलं, भाऊ.”

“ती चोपड्याची शिक्षिका?”

“तीही गोरी. स्वभावानं शांत.”

कुंदा गर्रकन वळली.

“मी सावळी आहे, आणि मला राग लवकर येतो. आत्ताच आलाय. तसंच लिहा!”

भटूनं घाईघाईनं मोबाइल काढला. पितांबरनं मात्र आवाजाकडे तोंड करून काळा चष्मा नीट केला.

“लिही, भटू, लिही. ते फक्त मलाच ऐकू येईल ना?”