मीरचे उपकार फेडायचे कुणाचे पाय धरून?

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. उपकार करणारा एक असला तर त्याचे पाय धरता येतात. पण सबंध गावानंच उपकार केले तर? पाय धरायचे कुणाचे? सांगा! — गप्प बसलात. बरं झालं, नाहीतर मला इथूनच घरी जावं लागलं असतं!

गोष्ट आहे दूर रशियातली. तिथं पूर्वी खेड्याच्या गावकीला 'मीर' म्हणायचे. हा शब्द पुढे इंग्रजांनीही उचलला! जमीन कुणा एकाची नाही — मीरची. अधूनमधून चिठ्ठ्या टाकायच्या, घराघराला शेताचे पट्टे वाटायचे. आणि निर्णय? हात वर करणं नाही, मोजणी नाही! सगळे 'हो' म्हणेपर्यंत बोलत बसायचं. हसता काय? तुमच्या सोसायटीत हा नियम लावून बघा — नातवंडं येतील मीटिंग संपवायला!

त्या गावात मार्फा नावाची बाई. नवरा गेला, पदरात दोन मुली. तिला पट्टा द्यायला सगळं गाव तयार. एकटा येफीम म्हणाला — "नाही! घरात पुरुष नाही, तर जमीन कसली?" कारण सरळ होतं हो, तिला मिळणारा पट्टा त्याच्या शेताला लागून होता. डोळा होता त्याच्यावर! एकाचा 'नाही', म्हणजे सगळंच अडलं. कापणीनंतरच्या पेरणीच्या आत पट्टा मिळाला नाही, तर मार्फानं मुलींना घेऊन गाव सोडायचं, शहरात दारोदार फिरायचं. काय वाटलं असेल त्या माउलीला?

आणि ऐन कापणीच्या तोंडावर येफीमची गवताची गाडी उलटली. पाय मोडला! शेतात राय उभी — गव्हासारखंच धान्य, त्याची काळी भाकरी होते. पिकून दाणे गळायला लागलेले, घरात पोरं लहान. आता तिथला रिवाज असा, की अडलेल्यानं हाक मारायची आणि मीरनं कामाला यायचं. पण हा कुठल्या तोंडानं हाक मारणार? पडून राहिला भिंतीकडे तोंड करून.

एका सकाळी जाग आली. बायको घरात नाही. बाहेर विळ्यांचा आवाज! खिडकीतून बघतो — त्याच्या शेतात सगळं गाव!

"लुटलं! माझ्या 'नाही'चा सूड घेतला मीरनं!"

काठी घेतली, लंगडत, ओरडत शेतात गेला. बघतो तर पेंढ्या बांधून त्याच्याच खळ्याकडे चालल्यात! त्याची बायको पाणी वाटतेय. आणि कापणाऱ्यांच्या रांगेत — मार्फा! मागं तिच्या मुली कणसं वेचतायत.

येफीमच्या हातातली काठी गळाली. "मार्फा, तू? तुझी जमीन मीच अडवली ना गं?"

ती विळा न थांबवता म्हणाली, "भांडण तुझ्याशी आहे, दादा. पिकानं माझं काय वाईट केलंय?"

अहो, रडला हो तो! गावच्या म्हाताऱ्या मुखियाचे, सावेलीचे पाय धरायला वाकला. सावेली मागं सरला. "माझे कशाला? मीरनं केलं." दुसऱ्याकडे गेला, तोही तेच! तिसरा तर म्हणाला, "बाजूला हो बाबा, कापू दे!"

संध्याकाळी मीर बसली. येफीमला खाटेवर घालून आणलं. सावेलीनं विचारलं, "मार्फाला पट्टा द्यायचा?" सगळ्यांच्या माना खाटेकडे वळल्या. मार्फानं पोरींचे हात घट्ट धरले.

येफीम म्हणाला, "द्या. माझ्या शेताला लागूनचाच द्या. आणि मार्फाताई, तुझ्याकडे घोडा नाही. उद्या माझा घेऊन जा, आधी तुझं शेत नांगर."

पोरी आईला विचारतायत, "आता नाही ना जायचं आपण?" तिनं दोघींना जवळ ओढलं. "नाही गं, इथंच राहायचं."

मंडळी, तुम्ही आज जेवून आलात. ते ताट किती हातांतून आलं, आहे ठाऊक? आजारपणात दारात कोण उभं होतं, आठवा. त्या सगळ्यांचे पाय धरायला जन्म पुरायचा नाही. देवानं केवढी माणसं दिली हो आपल्याला! मग आता हात जोडा, डोळे मिटा, आणि नाव घ्यायच्या आधी एवढंच आठवा — गावात, भावकीत, घरात, कुणाचा संसार तुमच्या एका 'हो'साठी अडून बसलाय? तो 'हो' घरी जाऊन म्हणा. मग विठ्ठल म्हणा!