पाचवा पत्ता

बाबा गेल्यावर त्यांच्या घरचं इंटरनेट बंद करायला मी मालवणातल्या दुकानात बसले होते. माझ्याआधी देवबागला घरातल्या खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या कार्मीनकाकींचा नंबर होता. त्यांच्या मुलाने, मेल्रॉयने, बसवून दिलेलं वायफाय दुकानातला सुशांत संगणकावरून बघत होता.

"चौथ्या पाहुण्याचो फोन लागणा नाय रे. तो माका ओरडता."

"काकी, वायफायच्या जाळ्यात दर फोनाक एक पत्तो लागता. तुमच्या मेल्रॉयन आठच ठेवल्यान."

"आठ खंय झाले? माझो एक, पाहुण्यांचे तीन."

"पयलो नि शेवटचो कोणाक देवचो नसता. पयलो सगळ्या जाळ्याचा नाव. शेवटचो सगळ्यांका एकदम हाक मारूक."

"म्हणजे वाडीचा नाव, नि वाडीत मारलेली बोंब!"

"तसाच. उरले सहा. एक राउटर स्वतः घेता."

"तो पण जेवणारो? मगे पाच. पाचवो खंय गेलो?"

"मेल्रॉयच्या फोनाक राखून ठेवलेलो आसा. तो तर बोटीवर. काढतंय, पाहुण्याक होतलो."

"हात लावू नको! तो फाटकात इलो काय फोन आपसूक लागता."

"सात महिने रिकामो आसा गो, काकी."

"आसांदे. त्याची खोली पण मी पाहुण्यांका देणंय नाय."

"मगे जाळा वाढवतंय. आठाचे सोळा."

"त्यातलेव दोन जातले?"

"दोनच. नि राउटराचो एक."

"म्हणजे तेरा! नाताळाक सगळे मावतले."

काकी उठल्या. सुशांत माझ्याकडे वळला.

"ताई, तुमचं बंदच करायचं ना?"

"आमच्याकडे किती पत्ते आहेत? त्यात बाबांनी एखादा राखून ठेवलाय का?" मी विचारलं.